दहा लाख गोण्या आणि दोन एकर

शिंगणवाडी, ता. निफाड
१४ जुलै २०२५

तीन दिवस दुकानापुढे उभी राहते आणि हात हलवत परत येते. मनोज म्हणतो, "लंकाकाकू, युरिया नाय. वरूनच नाय." वरून म्हणजे कुठून रे? आभाळातून पडतो का? दुकानात पिकाच्या टॉनिकच्या बाटल्या छताला लागल्यात आणि ज्यासाठी माणूस येतो ते नाही. मागच्या सोमवारी वीस गोण्या आल्या, तर म्हणे एका गोणीमागे एक बाटली घ्यावी लागेल. मी म्हटलं, बाटली तूच पी, तुझीच वाढ खुंटलीय. हे पत्र तोच फोटो काढून तुला धाडणार, म्हणजे वाचणारच. वाच, मनोज.

चि. सृष्टीस आशीर्वाद. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू इंग्रजीत बोलतेस, म्हणून लिहिते. चौथी शिकलेय, अक्षराला हसू नको.

तुझ्या बापाला, आमच्या नाथाला, रस्त्याकडेचे आपले दोन एकर लॉनवाल्याला द्यायचेत. लॉन म्हणजे गवत असं मला वाटलं. गवतच असतं म्हणे, पण प्लास्टिकचं, आणि त्यावर लग्नं लागतात. जमीन माझ्या नावावर. मी नाथाला म्हणाले, हा एक हंगाम मी स्वतः करते. तू तुझ्या उमेदीत त्या दोन एकरांत पन्नास क्विंटल मका काढला होतास. मी पन्नास काढला तर लॉनचं नाव घ्यायचं नाही. कमी आला तर म्हणशील त्या कागदावर सही देते. तर तो हसला. जमिनीचं नंतर बघू, मला त्या हसण्याचा राग आहे.

१२ जूनला पेरलाय. आता गुडघ्याला लागला. घरात एक गोणी होती ती पातळ पातळ फेकली. दुसरा हप्ता महिनाअखेरीला द्यायचा, तुरा निघायच्या आत. तुरा निघाल्यावर युरिया म्हणजे वरात गेल्यावर बँड.

तू तिकडे ओमानात जहाजावर युरियाच भरतेस ना? मग तो जातो कुठे? एवढं शिकून तिथे बसून करतेस काय ते लिही.

तुझी आजी
लंकाबाई

*

ओमान
१७ जुलै

ती. आजीस सा. न.

मी युरिया भरत नाही. भरायच्या आधी जहाज तपासते. जहाजाचं पोट कोरडं आणि स्वच्छ आहे का ते आत उतरून बघायचं आणि सही करायची. सही झाल्याशिवाय आत एक दाणा पडत नाही.

तू विचारलंस, आभाळातून पडतो का. आजी, जवळजवळ तसंच आहे. आपण श्वास घेतो त्या हवेचे पाच भाग केले तर जवळजवळ चार भाग नुसतं नत्र. पिकाला तेच हवं असतं, पण मक्याला ते हवेतून उचलता येत नाही. इथे जमिनीखालून गॅस निघतो. त्या गॅसमधला हायड्रोजन आणि हवेतलं नत्र, दोघांना लोखंडी नळकांड्यात कोंडून, शिसं वितळेल त्याहून जास्त तापवून, दीडशे पट दाबून एकत्र आणतात. त्याचा अमोनिया होतो, त्यात कार्बन डायऑक्साइड मिसळला की दुसऱ्या टोकाने पांढरे दाणे बाहेर येतात, न भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. कोठारात त्यांचा डोंगर असतो. त्याच्या पायथ्याशी मी उभी राहते तेव्हा दर वेळी वाटतं, ही सगळी हवा आहे. तिला वजन आलंय, एवढंच. तीन वर्षं झाली, अजून सवय झाली नाही.

म्हणून ज्याच्याकडे गॅस, त्याच्याकडे युरिया. जूनमध्ये इकडे बारा दिवस लढाई झाली. इजिप्तला शेजारून पाइपाने येणारा गॅस थांबला, तिथले कारखाने गप्प झाले. इराणचेही. चीनने आपल्या शेतकऱ्यांसाठी दार लावून घेतलंय, भारताला देत नाही. भारत सरकार मागणी काढतं तेव्हा सगळ्या जगाचे व्यापारी भाव सांगतात, आणि या वर्षी विकायला माल कमी आहे. त्यात आपल्याकडे पाऊस वेळेवर आला आणि सगळ्यांनी मकाच लावला, तुझ्यासकट.

पण काळजी करू नकोस. उद्या एक मोठं जहाज धक्क्याला लागतंय. त्याचा माल आपल्या किनाऱ्यावर उतरणार आहे आणि उतरवणीच्या यादीत मी स्वतः वाचलं, एक मालगाडी नाशिकरोडला. एक-दोन ऑगस्टपर्यंत पोचेल. उशीर होईल, पण तुऱ्याच्या आत.

तुझी सृष्टी

*

शिंगणवाडी
२४ जुलै

तुझं पत्र मनोजने मोबाइलवरून कागदावर छापून काढलं आणि दुकानात सगळ्यांपुढे मोठ्याने वाचलं. मी सांगितलं नव्हतं. बयाबाई म्हणाली, "हवेचं खत व्हतं? मंग आमच्या म्हाताऱ्याच्या तोंडून रोज एवढी जाती, आतापावतर गोदाम भरलं असतं." लोक लय हसले. मीही हसले.

पण मग शेतात गेले आणि हसू गेलं. वारा सुटला होता. मक्याची खालची पानं शेंड्याकडून पिवळी पडत चाललीत, मधल्या शिरेतून आत, पाचर ठोकावी तशी. ती भुकेची खूण. आणि त्याच पानांना वारा घासून जात होता. मी हात पसरून उभी राहिले. म्हटलं, माझ्या बोटांमधून जातंय ते चार आणे सोडून बाकी सगळं खतच आहे, आणि माझं पीक त्यात उभं राहून उपाशी. गोदावरीत छातीएवढ्या पाण्यात उभं राहून तहानेने मरावं तसं. पन्नास वर्षं मी गोण्या फोडल्या, कधी कोणाला विचारलं नाही की हे पांढरं येतं कुठून. दुकानातून येतं असं वाटायचं. मला माझीच लाज वाटली, जी सहसा वाटत नाही.

लढाई बारा दिवसांची आणि पिवळं पान माझ्या बांधावर. कुठे इजिप्त, मी तर ते नकाशातही पाहिलं नाही.

आता कामाचं. मनोजच्या मोबाइलवर दुकानदारांची बातमी आली की ओमानातलं जहाज तपासणाऱ्याने नापास केलं, आठ-दहा दिवस लांबलं. कोण आहे तो मेला? खुर्चीत बसून नाही म्हणायला काय जातं? त्याला म्हणावं, माझ्या वावरात येऊन उभा राहा आणि मग नाही म्हण. तू तिथेच आहेस. त्याचं नाव कळव, मी त्यालाच पत्र लिहिते.

लंकाबाई

*

ओमान
२७ जुलै

ती. आजीस सा. न.

जहाज पास झालंय, भरणं चालू आहे. परवा सुटेल.

तुला एक मजा सांगते. एवढ्या मोठ्या जहाजात किती माल पडला हे कसं मोजतात माहीत आहे? काटा नसतो. जहाजाच्या अंगावर पुढे, मधे, मागे आकडे रंगवलेले असतात. माल पडतो तसं जहाज खाली बसतं. मी छोट्या होडीतून सगळीकडे फिरून पाणी कुठल्या आकड्याला लागलंय ते वाचते. लाट येते, जाते, तिच्या मधला आकडा धरायचा. पाणी खारट किती तेही मोजायचं, कारण गोड्या पाण्यात जहाज जास्त बुडतं. मग गणित. समुद्रच तराजू. पंचेचाळीस हजार टन वजन बोटभर पाण्याच्या खुणेवरून कळतं. आपल्या गोण्या भरल्या तर पुऱ्या दहा लाख. लोखंडाची ती भिंत हळूहळू पाण्यात उतरताना मी बघत होते. आवाज काही नाही. आतापर्यंत त्यातल्या निम्म्या चढल्या आणि समुद्राने हूं का चूं केलं नाही.

इथे उकाडा फार. तू गुडघ्याचं तेल लावतेस ना?

तुझी सृष्टी

*

शिंगणवाडी
२ ऑगस्ट

नाव विचारलं तर तू समुद्र पाठवलास.

समुद्राचं वाचून मी गार झाले, ते खरं. अजून डोक्यातून जात नाही. काल पाणी शेंदताना कळशी बुडताना बघत बसले, दोरी हातातून सुटली. पण तू लहानपणी बरणी फोडलीस की मला अंगणात नेऊन चांदण्या दाखवायचीस. सहा वर्षांची होतीस. आता तीस वर्षांची आहेस आणि चांदण्याच दाखवतेस.

बांधाकडच्या ओळीत आज पहिला तुरा दिसला.

खरं काय ते लिही. गुडघ्याचं मी बघते.

लंकाबाई

*

ओमान
४ ऑगस्ट

मनोजदादा, हे पत्र कृपया मोठ्याने वाचू नका.

आजी, ते जहाज मी नापास केलं. माझी सही नाही म्हणून ते धक्क्यावरून परत गेलं, बाहेर समुद्रात उभं राहून धुतलं, वाळवलं, आणि आठ दिवसांनी परत आलं. यादीत नाशिकरोड आहे हे मला तेव्हा माहीत होतं. तुझा मका डोळ्यापुढे होता. तरी केलं.

कसं झालं ते सांगते. १८ तारखेला सकाळी मी पोटात उतरले. असे पाच कप्पे असतात, एकेक एवढा की सहा मजल्यांची इमारत उभी मावेल. लोखंडी गोल जिना उतरून तळाला गेलं की वरचं आभाळ वहीच्या पानाएवढं दिसतं. तिथे कुणी बोललं तर शब्द भिंतीवर आपटून उशिरा परत येतो. देवळाच्या गाभाऱ्यात मला कधी एवढं गप्प वाटलं नाही. आधीच्या फेरीला त्यात कोळसा होता. धुतलेलं होतं, डोळ्याला स्वच्छ, कोरडं ठणठणीत. कप्तान वर वाट बघत होता.

तू कणगी भरायच्या आधी काय करायचीस? बोट आतून फिरवून जिभेला लावायचीस. कडवट लागलं की बुरशी, कणगी पुन्हा उन्हात. मलाही तसंच करायला लावायचीस. मी हातमोजा काढला, भिंतीवर बोट ओढलं आणि चाटलं. आमच्या पुस्तकात हे नाही. खारट लागलं. समुद्राच्या पाण्याने धुऊन गोड्या पाण्याने विसळायचं विसरले होते. मग मीठ ओळखायच्या औषधाचे थेंब टाकून तपासलं, तेही दुधासारखं पांढरं झालं. मीठ ओल ओढतं. आपल्या पावसाळी हवेत बंदराला पोचेपर्यंत कडेच्या युरियाचे दगड झाले असते आणि ते पहारीने फोडून काढावे लागले असते.

कप्तान म्हणाला, "शेवटी मातीतच पडणार आहे ना? मातीला काय कळतं?" मी कागदावर नाही असं लिहून सही केली.

पैज माझ्यामुळे जाणार हे मला जिन्यातच कळलं होतं. तुला सांगायची हिंमत झाली नाही. रागाव.

सृष्टी

*

शिंगणवाडी
१३ ऑगस्ट

मनोजने या खेपेला वाचून दाखवलं नाही. कागद चौपदरी घडी करून माझ्या हातात दिला, पण तोंड त्याचं असं की सगळ्यांना कळलं काहीतरी आहे. त्याच्या पोटात गोष्ट राहत असती तर तो दुकानदार झाला नसता.

मी त्याला म्हटलं, मालगाडी येईल तेव्हा तुझ्या टेम्पोत मला ने. परवा नेलं. नाशिकरोडच्या मालधक्क्यावर मी जन्मात गेले नव्हते. बेचाळीस डबे, सृष्टे. मी मोजले, चालत गेले एका टोकापासून दुसऱ्या टोकाला, आणि मधे दोनदा बसले. दारं उघडली की आत पांढऱ्या गोण्या, वरपर्यंत. हमाल पाठीवर घेऊन पळत होते आणि डबा काही रिकामा होत नव्हता. मी एकाला विचारलं, जहाज म्हणजे अशा किती गाड्या? तो म्हणाला, "सोळा-सतरा, आजी." मी तिथे धक्क्याच्या कडेला बसून राहिले. एक गाडी माझ्या डोळ्यांत मावत नव्हती आणि तू सतरा गाड्यांना थांब म्हणालीस. आपल्या घरची पोरगी. मला वाटत होतं तू खुर्चीत बसतेस.

मनोजने चहा आणला, मी गार होईस्तोवर हातात धरून बसले. तो म्हणाला, "काकू, बरं वाटत नाय का?" मी म्हटलं, गप बस, मोजतेय.

काल दुकानापुढे रांग. काळू पुढून मागे वळून म्हणाला, "काकू, तुझ्याच नातीनं आमचा युरिया अडवला म्हणं."

मी म्हटलं, "हो. अडवला."

"आठ दिस गेलं आमचं."

"माझेही गेले. माझी तर जमीन गेली त्यात. तू मला एक सांग काळू, मागं डेअरीनं तुझं दूध परत पाठवलं, तेव्हा कॅन कुणी धुतला नव्हता?"

बयाबाई मागून म्हणाली, "यानंच. आन् डेअरीवाल्याला शिव्या बी यानंच दिल्या." रांग हसली. काळू पण हसला, मग माझ्या गोण्या त्यानेच टेम्पोवरून उतरवून दिल्या.

माणशी दोनच गोण्या दिल्या. मशीनवर अंगठा लावला, चौथ्या वेळी घेतला. घरी येऊन गोणी फोडली. दाणा मोकळा, कोरडा, मुठीतून पाण्यासारखा सांडला. दोन वर्षांमागे एक गोणी आली होती ती मी वरवंट्याने फोडली होती. तेव्हा मला वाटलं होतं युरिया असाच असतो.

मक्याला तुरे निघालेत, सगळीकडे. तरी दिला. उपयोग थोडा होईल. पूर्ण नाही होणार, मला फसवू नको आणि स्वतःलाही फसवू नको. तुझ्यामुळे माझी पैज जाईल. आणि तू जे केलंस ते मी केलं असतं. रागवायचं होतं, ते तू सत्तावीस तारखेच्या पत्रात लपवलंस त्याच्यावर रागावलेय. जहाजावर नाही.

मी त्या माणसाला मेला म्हणाले होते. ते परत घेते. तुला चालेल तो शब्द मला सुचत नाही.

लंकाबाई

*

शिंगणवाडी
१६ नोव्हेंबर

मळणी झाली. चव्वेचाळीस क्विंटल. काट्यावर मनोज, काळू आणि मी तिघे होतो, दोनदा केला. सहा कमी पडले. कणसं लांब आहेत, पण शेंड्याला दाणा भरला नाही, दोन बोटं मोकळी. बरोबर तेवढीच जागा जेवढे दिवस जहाज समुद्रात धूत होते. इतका बारीक हिशोब कणसावर उतरलेला मी आधी कधी बघितला नव्हता. कुणी ओमानात नाही म्हणतं आणि माझ्या कणसाचं टोक मोकळं राहतं. सोलताना प्रत्येक कणीस हातात घेऊन बघायचे, त्यामुळे या वर्षी काम हळू झालं.

तुझा बाप रविवारी आला होता. ढिगापुढे उभा राहिला, पायाने थोडं विस्कटलं, पुन्हा पायानेच सारखं केलं. या वेळी हसला नाही. म्हणाला, "आई, सत्तर वर्षांच्या बाईनं एकटीनं चव्वेचाळीस काढलं. मी पन्नास काढलं तेव्हा पाच माणसं होती." मी म्हटलं, मग? तर म्हणाला, "मग काही नाय. बघू." आणि गाडीत बसून नाशकाला गेला.

तू त्याला फोन केलास, उशीर माझ्यामुळे झाला, पैज धरू नका म्हणालीस, हे मला त्याच्या तोंडून कळलं. पुन्हा असं करायचं नाही. पैज मी लावली होती. जहाज उशिरा येईल, लढाई होईल, चीन दार लावील, हे सगळं पैजेत धरलेलंच होतं, फक्त मला तेव्हा ठाऊक नव्हतं. शेती करणाऱ्याने तक्रार करावी, सबब सांगू नये.

मी हरले. सही द्यायला तयार आहे, आजही. पण कुठल्या कागदावर? लॉनवाल्याने त्याच्या माणसाबरोबर कागद धाडला होता, तो मी चुलीच्या वर खुंटीला अडकवून ठेवलाय. त्यावर नाथाचं एक अक्षर नाही. ज्याला पाहिजे त्याने तोंडाने मागायला हवं, आणि माझे कान गेलेत, म्हणून लिहून मागायला हवं. मला "बघू" ऐकू येत नाही.

जमिनीत ओल आहे. हरभरा आठ दिवसांत पेरला तर येईल, नंतर नाही. बी दुकानातून आणून ठेवलंय, पेरणार की परत करणार ते या उत्तरावर आहे.

तर हे पत्र तू वाचून बापाकडे धाड. त्याने लिहायचं, मला ते दोन एकर हवेत, किंवा मला ते नकोत. दोन्हींपैकी एक, स्वतःच्या हाताने, शाईने. बी.कॉम. झालाय, लिहिता येतं त्याला. तू त्याला शब्द सांगायचे नाहीत, मनोजने आधी वाचायचं नाही, आणि या पत्राला तू उत्तर द्यायचं नाही. नाथाने द्यायचं. येत्या रविवारच्या आत.

लंकाबाई